मागच्या रांगेतले नाना

मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर, प्रतिमा सुलटी की उलटी, ती कुठे पडते आणि केवढी पडते, हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले आहे की किरणांच्या आकृतीत माझा हात झोपेतही चुकणार नाही. त्यामुळे मुलगी पुण्याला नोकरीला लागली आणि तिने मला कॅमेरा घेऊन दिला, तेव्हा आपल्याला कुणाकडून काही शिकायला हवं असं माझ्या मनातही आलं नाही. भिंग ते भिंग. त्याने माझ्याशी काय वेगळं वागायचं?

कॅमेऱ्याबरोबर एक लेन्सही आली होती, माणसांचे फोटो काढायची. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, या लेन्सने मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पुढचा सगळा घोळ या वितळण्यातून झाला.

पहिलं गिऱ्हाईक अर्थातच नवरा. एप्रिल संपत आला होता. उजेड जितका जास्त तितका फोटो चांगला, असं माझं शास्त्र असल्यामुळे मी त्याला भर दुपारी गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं केलं. जळगावच्या एप्रिलमधली दुपार म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. नवरा गरीब आहे, उभा राहिला. फोटोत त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आले. नाकाची सावली ओठावर पडून एक जादा मिशी उगवली. कपाळ स्टीलच्या ताटासारखं चकाकत होतं.

तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मी नेमका कुणाचा खून केलाय?"

मुलीला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला. "आई, बाबांना काय होतंय?"

सूर्य डोक्यावर असला की सगळ्या सावल्या खाली पडतात, ही गोष्ट सातवीतल्या मुलालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होती. फक्त ती माणसाच्या तोंडावरही पडते हे मला नवऱ्याच्या चेहऱ्यावरून शिकावं लागलं. मग मी त्याला सकाळी बाल्कनीत बसवायला लागले. उजेड बरा आला, पण फोटोत त्याच्या शर्टाचं वरचं बटण स्पष्ट आणि चेहरा पुसट. बटण मात्र फार सुंदर आलं होतं. त्याची चारही भोकं आणि त्यातला दोरा दिसत होता. कॅमेऱ्याला आपण सांगितलं नाही तर तो आपल्या मनाने जवळची वस्तू धरतो, हे मला पुस्तिका वाचून कळलं. कॅमेऱ्याबरोबर पुस्तिका असते हेही तेव्हाच कळलं.

फोकस डोळ्यांवर ठेवायचा, एवढं शिकल्यावर मला भलताच आत्मविश्वास आला. लेन्सच्या आत उजेड यायला एक भोक असतं. ते लहान-मोठं करता येतं. मी ते कायम पूर्ण उघडं ठेवायची, कारण तसं केलं की माणूस तेवढा स्पष्ट येतो आणि त्याच्या मागचं विरघळून जातं. दूधवाल्याचा फोटो काढला तेव्हा आमची गल्ली विरघळली. कोपऱ्यावरची कचऱ्याची गाडी विरघळली. समोरच्यांनी वाळत घातलेल्या चादरी विरघळल्या. इतकी वर्षं जळगावात राहून मला हे शहर एवढं देखणं कधी दिसलं नव्हतं, कारण फोटोत ते दिसतच नव्हतं.

स्टाफरूममध्ये माझं नाव झालं. रसायनशास्त्राच्या बाईंनी मी काढलेला त्यांचा फोटो मोबाईलवर लावला आणि त्यांना त्यांच्या माहेरहून फोन आले. मी कुणी विचारलं नाही तरी सांगायला लागले की चेहऱ्याला उजेड बाजूने हवा, डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे, नाहीतर डोळा मेलेला दिसतो. लोक माना हलवायचे. काही जण मला टाळायचे.

अशा तयारीनिशी मी सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला गेले.

सासर रावेर तालुक्यात. केळीचं गाव. नवऱ्याला दोन मोठे भाऊ. मधले भाऊ गावात शेती बघतात. सगळ्यांत थोरले नाना. ते धुळ्याला शाळेत कवायतीचे मास्तर होते, निवृत्त झाले आणि तिथेच राहिले. उंच, ताठ, दाट मिशा, आणि आवाज असा की बाजारात पलीकडच्या रांगेतला भाजीवाला भाव सांगायचा थांबतो. मी नोकरीला लागले त्या दिवसापासून ते मला 'मॅडम' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला अजून आलेला नाही.

थंडीची सकाळ होती. पूजा आटोपली आणि सगळ्या घराचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. मी जागा निवडली अंगणातल्या कडुनिंबाच्या सावलीत. कुणाच्याही डोळ्यांत ऊन नाही, कुणाच्याही नाकाची मिशी नाही, सगळ्यांच्या तोंडावर सारखा मऊ उजेड. त्या उजेडावर मी इतकी खूश होते की बाकी कशाकडे माझं लक्ष राहिलं नाही.

रांगा नानांनी लावल्या. "उंचीप्रमाणे! उंचीप्रमाणे!" अशी गर्जना करत त्यांनी लहान पोरांना सतरंजीवर बसवलं, म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर, सुनांना त्यांच्या मागे उभं केलं आणि पुरुषांना त्यांच्या मागे, जुन्या बाकावर चढवलं. स्वतः सगळ्यांत उंच म्हणून सगळ्यांत मागे, मधोमध जाऊन उभे राहिले. मधल्या भाऊंनी शेतातून केळीचा एक घड आणला होता, मोठा, हिरवागार. तो त्यांनी सासूबाईंच्या पुढे स्टुलावर ठेवला. घराची ओळख म्हणून.

"मॅडम, तयार!" मागून हुकूम आला.

मी भोक पूर्ण उघडं ठेवलं, सवयीने. फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा काडेपेटीहून थोडा मोठा असतो आणि त्यात जग नेहमी स्पष्ट दिसतं. मी अंगठा वर केला. नाना बाकावरून उतरले.

जळगावला आल्यावर मी तो फोटो मोठा करून, फ्रेम करून घ्यायचं ठरवलं. स्टुडिओवाल्याने फोटो त्याच्या संगणकावर बघितला आणि विचारलं, "मॅडम, एवढा मोठाच काढायचा ना, नक्की?" मला वाटलं तो भारावलाय. मी म्हटलं, "याहून मोठा निघत असेल तर बघा."

संक्रांतीला सगळे पुन्हा गावी जमले. ओसरीवर मी फ्रेमचा कागद फाडला आणि बाजूला सरकले, लोकांना बघता यावं म्हणून.

मीही त्या दिवशी तो फोटो पहिल्यांदाच नीट बघितला. समोर केळीचा घड होता. त्याच्या एकेका केळ्यावरची रेघ दिसत होती, देठाचा चीक दिसत होता. मागे सासूबाई जरा मऊ. त्यांच्या मागे सुना, पाण्यात पडल्यासारख्या. आणि शेवटच्या रांगेत पांढरट, गुलाबीसर डाग होते, ज्यांना कोट आणि टोप्या घातल्या होत्या.

"घड मोठा बेस आला वं माय," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "पन नाना कुठी हाये?"

नाना पुढे आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मागे गेले. परत पुढे आले. फ्रेमला नाक लागेपर्यंत वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर मला नीट कळेना असं काहीतरी होतं. तेवढ्यात जाऊबाई, म्हणजे नानांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "हाऊ फोटो शे का धुकं शे?" त्या धुळ्याकडच्या, आणि त्यांच्या बोलीत असं काही म्हटलं की आमच्याकडे हसू जास्तच येतं. सगळी ओसरी हसली.

नाना हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "धुळ्याला राहतो म्हणून धुळीत घातलंत का, मॅडम? केळी दिसतात, मी दिसत नाही."

जेवण झाल्यावर चहासुद्धा न घेता ते निघाले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवरच्या घरच्या ग्रुपमधून नाना बाहेर पडले. ग्रुपवर तशी ओळ आली, राखाडी अक्षरांत. तिच्याखाली एका भाच्याने एक हसरा चेहरा टाकला आणि मग घाईने काढून टाकला.

झालं काय होतं, हे आता सांगायला सोपं आहे. फोकस कुठे ठेवायचा हे मी सांगितलंच नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याने सगळ्यांत जवळचा घड धरला. लेन्सचं भोक मोठं उघडलं की पुढपासून मागपर्यंतची फार थोडी जागा स्पष्ट येते. एका माणसाचा फोटो काढताना ते चालतं. तीन-चार रांगा असल्या तर भोक लहान करायचं, थोडं मागे सरकायचं आणि फोकस मधल्या रांगेवर ठेवायचा, म्हणजे सगळे सापडतात. इंग्रजीत या स्पष्ट येणाऱ्या जागेला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. मी वर्गात हे कधी शिकवत नाही, कारण पाठ्यपुस्तकात भिंगासमोर नेहमी एकच मेणबत्ती असते. तिच्या मागे दुसरी मेणबत्ती उभी नसते, आणि असली तरी तिला राग येत नाही.

नानांना मी हे फोनवर समजावून सांगायला गेले.

"नाना, तो डेप्थचा प्रश्न होता."

"कुणाच्या डेप्थचा?"

"म्हणजे, मागे डेप्थ पुरली नाही."

"मागे मी होतो."

"हो."

"म्हणजे माझ्यात डेप्थ नाही?"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. नवरा शेजारीच बसला होता. त्याने डोळ्यांवर हात ठेवला.

महिनाभर असंच गेलं. सासूबाईंचा फोन आला की त्या एकच म्हणायच्या, "मले माह्या नानाचा फोटू पाह्यजे. एकट्याचा." शेवटी नवरा म्हणाला, "आपण धुळ्याला जाऊ. तू त्यांचा चांगला फोटो काढ, आईला दे, विषय संपव." या 'चांगला' शब्दावर त्याने जो जोर दिला, तो मी मनात ठेवला.

तयारी म्हणून मी त्याला रोज संध्याकाळी दारात बसवून सराव केला. एकदा भोक मोठं, एकदा लहान, एकदा जवळून, एकदा लांबून. आणि प्रत्येक फोटो काढल्यावर पडद्यावर मोठा करून डोळे तपासायचे. ही सवय मला घडाने लावली. नवऱ्याचे एवढे फोटो त्याच्या लग्नातही निघाले नव्हते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही धुळ्याला गेलो. नानांचं घर देवपुरात, पहिल्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं. आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे.

"या. ती पिशवी चपलांपाशी ठेवा."

जाऊबाई आतून आल्या आणि पिशवी त्यांनी स्वतःच उचलून घरात आणली. "आईंनी सांगेल शे ना," असं त्या नानांना म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या. नाना काही वेळ पेपर धरून बसले. पेपर मला उलटा वाटला. मग एकदम उठून आत गेले आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मिशा विंचरून बाहेर आले.

"चला. कुठे उभं राहू?"

मी म्हटलं, "सहज उभे राहा, नाना."

ते सावधानमध्ये उभे राहिले. छाती पुढे, हात मांड्यांना चिकटवलेले, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, बहुधा एखाद्या झेंड्याच्या खांबाकडे.

"जरा सैल सोडा ना अंग."

त्यांनी डावा पाय बाजूला आपटला, हात मागे बांधले आणि विश्राममध्ये उभे राहिले. शरीराच्या एवढ्या दोनच अवस्था त्यांना ठाऊक होत्या. नवरा खिडकीकडे तोंड करून हसत होता.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, समोरच्या दाराजवळ, म्हणजे उजेड डावीकडून येईल. पहिल्या फोटोत चष्म्याच्या दोन्ही काचांत दार आलं होतं आणि दारासमोर एक बाई, कॅमेरा धरलेली, तोंड उघडं. फोटो काढताना मी तोंड उघडं ठेवते हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला वाटलं ते तंत्र आहे."

"नाना, चष्मा काढता का थोडा वेळ?"

"नाही."

"काचेत उजेड येतोय."

"चष्म्याशिवाय मी चांगला दिसत नाही."

बराच वेळ त्यांनी ऐकलं नाही. जाऊबाईंनी शेवटी मागून येऊन तो अलगद काढून घेतला, जसा त्या बहुतेक त्यांना झोप लागल्यावर काढत असतील. मग मी नवऱ्याला एक पांढरी चादर ताणून धरायला सांगितली, नानांच्या उजव्या बाजूला, म्हणजे दारातून आलेला उजेड तिच्यावर आपटून चेहऱ्याच्या सावलीत जाईल. तो चादर धरून उभा राहिला. फोकस डोळ्यावर ठेवला. भोक या वेळी शहाण्यासारखं थोडं लहान केलं.

पण नाना हसेनात. जाऊबाई चहाचे कप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यास्ले काय सांगू? कुकरनी शिट्टी वाजनी का हाऊ माणूस आजूनबी ताठ उभा ऱ्हास."

नानांच्या मिशा हलल्या. मी बटण दाबलं.

लगेच फोटो मोठा करून बघितला. उजवा डोळा सुरेख आला होता. त्यात दाराचा पांढरा चौकोन, पापणीचा एकेक केस. डावा डोळा मात्र बिघडला होता. मधलं काळं बुबुळ काळं नव्हतंच. राखाडी होतं, पाण्यात दूध सांडल्यासारखं. मला वाटलं चादरीचं प्रतिबिंब असेल. नवऱ्याला चादर घेऊन बाजूला व्हायला सांगितलं. पुन्हा काढला. पुन्हा तेच. खुर्ची दाराकडे फिरवली. भोक आणखी लहान केलं. पुन्हा तेच. एवढा सराव करून, एवढ्या लांब येऊन, त्याच माणसाला मी परत धूसर करत होते.

"काय झालं?" नाना म्हणाले. "परत पुसला का मला?"

"नाही नाही. एकच मिनिट."

मी तो डोळा पडद्यावर होईल तेवढा मोठा केला. डाव्या पापणीचे केस उजवीइतकेच स्पष्ट होते. खालच्या सुरकुत्या स्पष्ट होत्या. बुबुळाभोवतीची तपकिरी कडासुद्धा स्पष्ट होती. फोकस चुकला नव्हता. एक भिंग गढूळ झालं होतं खरं, पण ते माझं नव्हतं.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या डोळ्यात सरळ बघितलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या पाया पडत आले होते, पण त्यांच्या डोळ्यांत बघायचा प्रसंग कधी आला नव्हता.

"नाना, डाव्या डोळ्याने कसं दिसतं?"

"दिसतं की."

"उजव्यावर हात ठेवा बघू."

ते ठेवेनात. मग ठेवला.

"समोर काय आहे?"

"दार."

"दारात कोण आहे?"

त्यांनी मान थोडी वळवली. "कुणी नाही," म्हणाले.

दारात त्यांचा भाऊ उभा होता, हातात पांढरी चादर घेऊन.

जाऊबाईंनी कप खाली ठेवला. मग नानांनी उजव्या डोळ्यावरचा हात काढला, भावाला पाहिलं, आणि त्यांचा तो भाजीवाल्यांना थांबवणारा आवाज एकदम लहान झाला.

"वर्ष होऊन गेलं," ते म्हणाले. "आधी रात्री दिव्यांना फुलं फुटायची. मग पेपर दिसेना. हिला म्हणालो, डोळे दुखतात, तू वाच. गाडी बंद केली, म्हणालो गुडघा दुखतो."

"आणि त्या दिवशी?" मी विचारलं. "संक्रांतीला?"

"त्या दिवशी मी तो फोटो पाहिला आणि वाटलं, झालं. आता उजवाही गेला." ते खाली बघत होते. "चष्मा पुसला. मागे जाऊन पाहिलं, पुढे जाऊन पाहिलं. मला मीच सापडेना. मग ही म्हणाली धुकं, तुम्ही सगळे हसलात, तेव्हा कळलं की फोटोच तसा आहे. इतकं बरं वाटलं मला, मॅडम. आणि तुमचा इतका राग आला."

मला हसावं की रडावं कळेना. माझा एक वाईट फोटो बघून एक माणूस आंधळा झालो म्हणून घाबरला होता. छायाचित्रकार म्हणून एवढा परिणाम मी त्याआधी आणि त्यानंतर कुणावर केलेला नाही.

जाऊबाईंना मात्र रडू आलं आणि त्यापाठोपाठ संताप. "बठ्ठा गावना पोऱ्यास्ले शिस्त शिकाडी, आनि सोताना डोया दपाडी ठेवा!" गावभरच्या पोरांना शिस्त लावणाऱ्या माणसाने स्वतःचा डोळा लपवून ठेवला, हे त्यांना सहन होईना.

"मोतीबिंदू आहे, नाना," नवरा म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम. आजकाल टाकेही घालत नाहीत."

नाना माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, इंजेक्शन डोळ्यात देतात का हो?"

शाळेत लस टोचायला माणसं आली की रडणाऱ्या पोरांना दंडाला धरून रांगेत उभं करणारे ते हेच. मला त्यांची एवढी माया आली की मी त्यांना धीर द्यायचं ठरवलं. आणि मला धीर देण्याचा एकच प्रकार येतो. मी पेपरच्या कडेवर डोळा काढला, त्यात भिंग काढलं, किरण काढले, आणि जुनं भिंग बारीक करून बाहेर कसं ओढून घेतात आणि नवं घडी घालून आत कसं सरकवतात, ते बाणांनी दाखवलं. नानांच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याने माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

शेवटी जाऊबाईंनीच त्यांना तयार केलं. कसं ते मला माहीत नाही. आम्ही निघालो तेव्हा त्या स्वयंपाकघरातून बोलत होत्या आणि नाना ऐकत होते, आणि हे दृश्य मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

ऑपरेशन धुळ्यातच झालं. नवरा सोबत गेला होता. त्याने सांगितलं की नानांनी आत जाताना डॉक्टरांना खड्या आवाजात 'जय हिंद' म्हटलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, "सुरू कधी करणार?" ते परत घरच्या ग्रुपमध्ये आले. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना डोळे तपासून घ्यायचा हुकूम सोडला आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांना एकेकाला फोन केला.

त्यांचा फोटो मी सासूबाईंना नेऊन दिला. मिशा हलल्या तेव्हाचा तो. डावा डोळा थोडा राखाडी आहे, पण मी त्यात काही खोडाखोड केली नाही. सासूबाईंनी तो उजेडाकडे धरून खूप वेळ बघितला आणि म्हणाल्या, "हा कोन? माहा नाना येवढा हासत नाही." मग मात्र तो उशाशी ठेवून घेतला. मोठी फ्रेम ओसरीवर अजून तशीच आहे. भाऊ ती काढू देत नाहीत. केळीचे व्यापारी येतात आणि घडाची चौकशी करतात.

काळा चष्मा सुटल्यावर नानांना भेटायला आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि दचकले.

"मॅडम, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"जिन्यात वरून उजेड पडतोय ना, त्यामुळे तसं दिसतं," मी म्हटलं.

"उजेडाचं काही नाही त्यात," ते म्हणाले आणि मला आत घेतलं.

दुपारच्या चहानंतर ते आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. कठड्याला हात टेकून त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि पाट्या वाचायला सुरुवात केली. मोठ्याने, कवायतीच्या आवाजात. पिठाची गिरणी. सायकल दुरुस्ती. इथे साड्यांना फॉल-बिडिंग करून मिळेल. शिकवणी वर्ग, प्रवेश सुरू. एक पाटी वाचून झाली की ते डावा डोळा झाकायचे, मग उजवा झाकायचे, आणि तीच पाटी पुन्हा वाचायचे. खालून जाणारे लोक वर बघायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "पुरे करा ना आता," पण त्यांचा हात नानांच्या पाठीवर होता आणि तो त्यांनी काढला नाही. पार टोकाच्या एका दुकानाची पाटी उरली होती. नाना बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिले. मग म्हणाले, "ती पुसली गेली आहे. ती कुणालाच वाचता येणार नाही." आणि खूश होऊन मागे वळले.

परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की कॅमेरा सगळा वेळ माझ्या खांद्याला होता आणि मी तो पिशवीतून काढलाच नव्हता. मी नवऱ्याला सांगितलं. त्याने गाडी हळू केली.

"वळवू का परत?" तो म्हणाला.

मी बाहेर बघितलं. ऊन तिरपं झालं होतं. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रकवर, चहाच्या टपरीवर, टपरीपाशी उभ्या माणसांच्या तोंडावर एका बाजूने मऊ, सोनेरी उजेड पडला होता. फोटोसाठी याहून चांगली वेळ नसते, हे मी स्टाफरूममध्ये कितीतरी जणांना ऐकवलं होतं.

"नको," मी म्हटलं. "भूक लागलीये. तिथे भजी दिसतायत, थांबव."